कर्ण्याच्या स्पीकरला खालचा खर्ज कसा जोडावा?

खर्जवेडा

नमस्कार. माझ्याकडे गेली तीन वर्षे क्लिप्श कंपनीच्या ला स्काला या स्पीकरची जुनी जोडी आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की यात वरचे, मधले आणि खालचे असे तिन्ही भाग कर्ण्याचेच असतात आणि खालच्या स्वरांसाठी पंधरा इंची स्पीकर लाकडी पेटीत दुमडून बसवलेल्या कर्ण्यातून वाजतो. आठ वॉटचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याला पुरून उरतो. गायकाचा आवाज, सरोद, तबल्याच्या चाटेवरचे बोल हे सारे इतक्या सहजपणे समोर येते, की दुसरे स्पीकर ऐकताना त्यांच्यावर कोणी रजई टाकली आहे असे वाटू लागते.

अडचण खालच्या टोकाला आहे. साधारण साठ हर्ट्झच्या खाली हा स्पीकर हात आखडता घेतो आणि पन्नासच्या खाली जवळजवळ गप्पच होतो. मी चर्चमधील ऑर्गनचे संगीत पुष्कळ ऐकतो, आणि त्यात जिथे जमीन हलायला हवी तिथे केवळ ती हलल्याची बातमी मिळते. म्हणून गेल्या वर्षी बारा इंची तयार सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे कोणत्या स्वराखाली त्याने वाजायचे ती सीमा, ८० हर्ट्झवर लावला. परिणाम असा झाला, की गाणे दिवाणखान्यात आणि खर्ज शेजारच्या खोलीत कोणी ओंडके आपटत असल्यासारखा. महिनाभरात तो विकून टाकला.

खोली पुण्यातील फ्लॅटची आहे : लांबी ५ मीटर, रुंदी ३.४ मीटर, उंची २.९ मीटर. स्पीकर आखूड भिंतीशी आहेत आणि सोफा त्यांच्या भिंतीपासून सुमारे साडेतीन मीटरवर आहे. कर्ण्याला कर्ण्याचाच खर्ज हवा, साध्या सबवूफरचा वेग त्याच्याशी जुळत नाही, असे मला अनेकांनी सांगितले. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर असा कर्णा घरात करता येतो का?

ध्वनिशोधक

आधी कर्ण्याचे गणित पाहू, कारण त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मोकळ्या जागेत कर्ण्याच्या तोंडाचा परीघ हा त्याने वाजवायच्या सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा, असा ढोबळ नियम आहे. पंचवीस अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो, म्हणजे ३० हर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा मीटर झाली आणि तोंडाचा व्यास ३.७ मीटरच्या आसपास गेला. हे तोंड तुमच्या भिंतीवर रुंदीतही मावत नाही आणि उंचीतही.

कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांची खरी चतुराई इथे दिसते. कर्णा जमिनीवर ठेवला की लागणारे क्षेत्रफळ निम्मे होते, भिंतीलगत चौथाई आणि कोपऱ्यात एक अष्टमांश. क्लिप्शहॉर्न हा त्यांचा मूळ स्पीकर कोपऱ्यातच ठेवावा लागतो, कारण त्या दोन भिंती म्हणजेच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग असतो, आणि म्हणूनच तो ३३ हर्ट्झपर्यंत उतरल्याचे कंपनी सांगते. ला स्कालाला असा कोपरा लागत नाही, पण त्याची किंमत त्याने खर्जात मोजली आहे. तो १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारासाठी ध्वनिक्षेपक म्हणून जन्माला आला. आपल्याकडे रिक्षावर बांधलेला प्रचाराचा कर्णा आणि तुमच्या दिवाणखान्यातील हा मानकरी एकाच कुळातले आहेत, असे म्हणायला हरकत नाही. भाषण ऐकवण्यासाठी तीस हर्ट्झ कोणालाच नको होते.

आता कोपऱ्यात ठेवूनही ३० हर्ट्झचा कर्णा करायचा, तर तोंड सुमारे १.३ चौरस मीटर हवे. घसा, म्हणजे कर्ण्याचे अरुंद टोक, ५०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर घातांकी वाढीच्या सूत्राप्रमाणे त्याची लांबी तीन मीटर येते आणि आतील पोकळीच साडेअकराशे लिटरच्या पुढे जाते. लाकडाची जाडी आणि मागची बंद पेटी वेगळी. दुमडून ठेवला तरी घरातल्या मोठ्या लोखंडी कपाटापेक्षा तो मोठाच होईल, आणि दोन्ही बाजूंसाठी दोन हवे असतील तर मग सोफा गच्चीत न्यावा लागेल.

रंधा

ध्वनिशोधक यांचे गणित मी हाताने करून पाहिलेले आहे, म्हणून दोन शब्द. सांगलीच्या घरी मागच्या अंगणातील खोलीत मी सहा वर्षांपूर्वी टॅप्ड हॉर्न बांधला. ही टॉम डॅन्ली यांची रचना आहे. तिच्यात स्पीकरच्या कोनाची (पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याची) एक बाजू कर्ण्याच्या घशाजवळ आणि दुसरी बाजू तोंडाजवळ, त्याच कर्ण्याच्या आत उघडते. त्यामुळे नेहमीच्या कर्ण्यापेक्षा बऱ्याच लहान पेटीत तेवढाच खालचा स्वर निघतो. लहान म्हणजे किती, तर माझी पेटी सात फूट उंच झाली आणि तिला १८ मिलिमीटर जाडीच्या जलरोधक प्लायच्या चार शीट लागल्या. आठ बाय चार फुटी अशा एका शीटचे वजनच तीस किलोच्या पुढे असते. पेटी खोलीतच जुळवली, आणि ती आता त्या खोलीतून दार न काढता बाहेर येणार नाही, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा डिंक वाळलेला होता.

वाजते मात्र अप्रतिम. पंचवीस हर्ट्झला कोन जेमतेम हलताना दिसतो आणि खिडकीची तावदाने मात्र श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होतात. तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणाला मी हा मार्ग सुचवणार नाही. एक तर अशा कर्ण्याचा कामाचा पट्टा अरुंद असतो, जेमतेम दोन सप्तकांचा, आणि त्याच्या वर त्याचा प्रतिसाद खाचखळग्यांचा होतो. दुसरे म्हणजे आतील दुमडीपैकी एक जरी सांधा नीट बसला नाही, तर तो नेमका तुमच्या आवडत्या स्वराला घरघरतो आणि तिथे हात पोचत नाही. मी प्रत्येक फळी स्क्रूने आवळून, डिंक आणि वर सिलिकोन भरून बसवली, तरी एक जागा राहिलीच.

तारसप्तक

तांत्रिक चर्चेत थोडा अडथळा आणतो. आपण नेमके काय ऐकतो, हे आधी ठरवले तर पुष्कळ खर्च वाचतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. म्हणजे शास्त्रीय गायनाच्या मैफलीत साठच्या खाली स्वर म्हणावा असे फारसे काही नसतेच, आणि जे असते ते बहुधा व्यासपीठाच्या फळ्यांचे, माइकवर पडलेल्या श्वासाचे किंवा सभागृहातील पंख्याचे असते. डग्ग्याची घुमक याच भागात वर-खाली सरकते आणि ती ला स्काला पुरेशी देतो. मी स्वतः अशाच एका कर्ण्याच्या स्पीकरवर वीस वर्षे ऐकतो आहे आणि मला सबवूफरची गरज वाटलेली नाही.

बास गिटारची आणि मोठ्या डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झ, पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ, आणि ऑर्गनची सोळा फुटी नळी साधारण ३३ हर्ट्झ. बत्तीस फुटी नळी १६ हर्ट्झवर जाते, ती ऐकू येण्याऐवजी अंगाला जाणवते. खर्जवेडा ऑर्गनचे नाव घेतात म्हणून त्यांची गरज खरी आहे, एवढे मान्य करतो. बाकीच्यांनी आधी आपल्या तबकड्यांकडे पाहावे.

व्हॉल्व्हवाले

मला मुख्य शंका वेगळी आहे. ला स्काला एका वॉटला एक मीटरवर सुमारे १०५ डेसिबल देतो आणि बंद पेटीतला साधा सबवूफर ८८ ते ९० देतो. पंधरा डेसिबलचा हा फरक म्हणजे बत्तीसपट शक्ती. कर्ण्याच्या पुढे असा सबवूफर धापा टाकणार नाही का? 'वेग जुळत नाही' असे जे लोक म्हणतात, ते हेच असावे.

ध्वनिशोधक

संवेदनशीलता (एका वॉटला किती आवाज) आणि क्षमता (जास्तीत जास्त किती आवाज) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याची पातळी वाढवून हा फरक भरून काढता येतो. आज पाचशे वॉटचा ॲम्प्लिफायर ही काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. घरात आपण सरासरी ८५ डेसिबलच्या आसपास ऐकतो, तेव्हा ला स्कालाला वॉटचा दहावा हिस्साही लागत नाही. तो १०५ डेसिबल देऊ शकतो म्हणून आपण तेवढ्यावर ऐकतो असे नाही.

खरा प्रश्न सबवूफर किती हवा हलवू शकतो हा आहे. खालच्या स्वरात प्रत्येक सप्तक खाली उतरताना तीच पातळी राखण्यासाठी चौपट हवा हलवावी लागते. चांगल्या बारा इंची स्पीकरच्या कोनाचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर आणि त्याची एका बाजूची चाल १४ मिलिमीटर धरली, तर जमिनीवर ठेवून २५ हर्ट्झला एक मीटरवर तो सुमारे १०१ डेसिबल देतो, ५० हर्ट्झला ११३. असे दोन लावले तर त्यात सहा डेसिबलची भर पडते, आणि बंद खोलीत सर्वांत खालच्या स्वरांना खोलीचाही हातभार लागतो. ऑर्गनसाठी हे पुरेसे आहे. हॉफमनचा जुना नियम असे सांगतो, की लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता यांपैकी दोनच मिळतात. कर्ण्याने पेटीचा आकार सोडला, आपण कार्यक्षमता सोडायची. वीज पेटीपेक्षा स्वस्त आहे.

'वेग' या शब्दाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. तीस हर्ट्झचा स्वर तीस हर्ट्झच्याच वेगाने हलतो, तो कर्ण्यातून आला काय किंवा बंद पेटीतून. ज्याला लोक मंद खर्ज म्हणतात तो दोन गोष्टींमुळे मंद भासतो : एक, खोलीत एखादा स्वर थांबल्यानंतरही घुमत राहतो, आणि दोन, सांध्याच्या ठिकाणी, म्हणजे जिथे सबवूफर थांबून मुख्य स्पीकर सुरू होतो तिथे, दोन स्पीकरांचा आवाज कानाशी वेगवेगळ्या क्षणी पोचतो.

प्रत्येक खोली आपल्या मापांनुसार ठरावीक स्वरांना घुमते, त्यालाच अनुनाद म्हणतात. तुमच्या खोलीत लांबीचा पहिला अनुनाद ३५ हर्ट्झच्या आसपास, रुंदीचा ५१ आणि उंचीचा ६० हर्ट्झला येतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवल्याने हे तिन्ही एकदम जागे झाले. कोपऱ्यात आवाज सर्वाधिक मिळतो म्हणून दुकानदार तिथे ठेवायला सांगतात, पण मिळणारी वाढ सरसकट नसून याच तीन स्वरांवर उठून बसते. शेजारच्या खोलीतले ओंडके ते हेच.

यावर ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेले काम पाहण्यासारखे आहे. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सबवूफर ठेवले तर हे घुमणे बरेचसे आवरते, असे त्यातून दिसते. तुमच्या बाबतीत एक स्पीकरांच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा सोफ्यामागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा. भिंतीच्या मध्यावर रुंदीचा पहिला अनुनाद शून्य असतो, म्हणून ५१ हर्ट्झ उठत नाही. लांबीचा पहिला अनुनाद खोलीच्या दोन टोकांना एकमेकांविरुद्ध असतो, त्यामुळे दोन्ही सबवूफर एकच संकेत वाजवत असतील तर तोही शमतो. उंचीचा तेवढा राहील, त्याला इलाज नाही, कारण छताला सबवूफर टांगण्याची परवानगी घरातून मिळेल असे वाटत नाही.

व्हॉल्व्हवाले

अनुनादाचे पटले. पण दुसरा मुद्दा, वेगवेगळ्या क्षणी पोचण्याचा, तो कसा सोडवायचा? माझ्यासारख्यांकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे, त्यात विलंब लावण्याची सोय नाही आणि मुख्य आवाज डिजिटल यंत्रातून नेण्याची आमची तयारी नाही.

ध्वनिशोधक

इथे कर्णा तुमच्या मदतीला येतो. दुमडलेल्या कर्ण्यात स्पीकरच्या कोनापासून तोंडापर्यंत आवाजाला वळसा घालून यावे लागते, आणि दर मीटरला जवळजवळ २.९ मिलिसेकंद जातात. म्हणजे ला स्कालाचा स्वतःचाच खर्ज थोडा उशिरा निघतो. सबवूफरच्या डिजिटल प्रोसेसरलाही काही मिलिसेकंद लागतात. साध्या पेटीच्या स्पीकरसोबत हा उशीर खटकला असता, कर्ण्यासोबत तो बराचसा झाकला जातो. साठ हर्ट्झला एक पूर्ण कंप १६.७ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे चार मिलिसेकंदांची चूक म्हणजे पाव कंपाची चूक. ती कानाला कळते. एका मिलिसेकंदाची चूक कळत नाही.

जुळवणी अशी करावी. ऐकण्याच्या जागी मोजमापाचा माइक ठेवून आर.ई.डब्ल्यू. हा मोफत प्रोग्राम चालवा. सबवूफरची पोलॅरिटी (धन-ऋण दिशा) मुद्दाम उलटी करा आणि सांध्याच्या स्वराला जास्तीत जास्त खोल खड्डा पडेपर्यंत सबवूफरचा विलंब बदलत राहा. खड्डा सर्वांत खोल झाला, की दोघे नेमके एकमेकांविरुद्ध आहेत. मग पोलॅरिटी सरळ करा, म्हणजे दोघे नेमके एकत्र. केवळ कानाने शिखर शोधण्यापेक्षा खड्डा शोधणे कितीतरी सोपे असते.

क्रॉसओव्हर ८० वर ठेवू नका. ला स्काला ६५-७० हर्ट्झला अजून जोमात असतो. तिथे दोघेही वाजले, तर ढोलकीच्या एका थापेचे दोन आवाज होतील. साठच्या खालीच सांधा घ्या, आणि सबवूफरचा उतार सप्तकाला २४ डेसिबल इतका तीव्र ठेवा. तुमच्या आठ वॉटच्या ॲम्प्लिफायरलाही थोडा आराम देता येईल. त्याची इनपुट रोधकता १०० किलोओहम असेल, तर इनपुटला ०.०२७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एकसरीत लावल्याने ५९ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतार मिळतो. खालचे स्वर कर्ण्याला तसेही वाजवता येत नाहीत, मग त्यासाठी ॲम्प्लिफायरची शक्ती आणि कोनाची चाल का घालवावी?

तारसप्तक

आवाजाच्या वाटेत कपॅसिटर घालण्याला माझा तात्त्विक विरोध नोंदवून ठेवतो. त्याचबरोबर हेही नोंदवतो, की माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये आधीच तीन कपॅसिटर आहेत.

भिंतीपलीकडे

एक विनंती शेजारधर्मातून. तीस हर्ट्झचा आवाज भिंत अडवत नाही, तो स्लॅबमधून खालच्या मजल्यावर उतरतो आणि तिथल्या माणसाला संगीत ऐकू न येता फक्त धडधड ऐकू येते. मिरवणुकीतील 'डॉल्बी'ने दहा दिवस छाती हलवून घेतलेल्या माणसाला अकराव्या दिवशी वरच्या मजल्यावरून ऑर्गन नको असतो. सबवूफर जाड रबरी पायांवर ठेवल्याने फरशीला थेट बसणारा हादरा कमी होतो, पण हवेतून जाणारा तसाच राहतो, तेव्हा वेळेचे भान ठेवावे.

खर्जवेडा

सर्वांचे आभार. अडीच महिन्यांनी परत येतो आहे, कारण सुताराने पेट्या द्यायलाच सहा आठवडे घेतले. प्रत्येकी बारा इंची स्पीकरच्या, सत्तर लिटरच्या दोन बंद पेट्या करून घेतल्या. कर्ण्याचा मोह रंधा यांच्या दाराची गोष्ट वाचून सोडला.

पेट्या ध्वनिशोधक यांनी सांगितल्या तशा समोरच्या आणि मागच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्या. पहिल्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगतो म्हणजे इतरांचे दोन रविवार वाचतील. मागचा सबवूफर माझ्या पाठीशी असल्याने त्याचा आवाज आधी पोचतो, म्हणून मी त्याला स्वतंत्रपणे सहा मिलिसेकंदांचा विलंब दिला. कागदावर हे अगदी योग्य दिसत होते. मोजले तर ३५ हर्ट्झचा तो डोंगर पुन्हा उभा. दोन्ही सबवूफर एकच संकेत वाजवत असतील तरच लांबीचा अनुनाद शमतो, हे वाक्य मी वाचले होते, पण वाचणे आणि कळणे यांत दोन रविवारांचे अंतर निघाले. दोघांना एकच विलंब दिल्यावर डोंगर बसला.

उलट पोलॅरिटीची युक्ती कामाला आली. सांधा शेवटी ५५ हर्ट्झवर स्थिरावला, दोघांचा सामाईक विलंब दीड मिलिसेकंद निघाला, म्हणजे कर्ण्याचा उशीर आणि प्रोसेसरचा उशीर यांनी आपापसात बरेचसे मिटवून घेतले होते. कपॅसिटरही लावला. त्याने खर्जात काही फरक पडल्याचे मला जाणवले नाही, पण ॲम्प्लिफायर जोरात चालवताना गायकाच्या आवाजाला जी किंचित खरखर यायची ती गेली.

आता सोफ्यावर २४ हर्ट्झपर्यंत मोजमापाची रेघ बऱ्यापैकी सपाट आहे. ६० हर्ट्झला उंचीचा उंचवटा राहिला आहे, तो तीन-चार डेसिबलचा असेल. गंमत अशी, की पहिले दोन दिवस मला निराशाच वाटली, कारण सबवूफर वाजतच नाहीत असा भास होत होता. तिसऱ्या दिवशी ऑर्गनची एक रेकॉर्ड चालू असताना ते बंद केले, तेव्हा खोलीची मागची भिंत पुढे सरकल्यासारखी झाली. तारसप्तक यांचेही खरे ठरले. ख्याल ऐकताना ते चालू आहेत की बंद, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. फक्त थेट मैफलींच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत सभागृह थोडे मोठे वाटते.

आता नवीन अडचण स्वयंपाकघरातून आली आहे. ३१ हर्ट्झच्या आसपास मांडणीवरचे स्टीलचे डबे वाजू लागतात, आणि कोणता डबा ते शोधायला गेलो की तो थांबतो.

रंधा

डब्यांखाली रबरी जाळीची चटई अंथरा, ती मीटरवर मिळते. आणि शोधायचे असेल तर साइन टोन (एकच सलग शुद्ध सूर) ३१ हर्ट्झवर चालू ठेवून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी एकेका डब्यावर हात ठेवायला सांगा. आमच्याकडे तो डबा नव्हताच, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाची काच होती.

खर्जवेडा

घड्याळ नव्हे, पोह्यांचा डबा होता. अर्धा रिकामा होता, आज भरला. आता ३१ ला शांतता आहे, पण ३८ ला खिडकीची सरकती काच बोलू लागली आहे.